पॉइंटर कधी आणि मॅलॉक कधी: सी शिकणाऱ्यांसाठी

सीच्या अभ्यासक्रमात पॉइंटरचं प्रकरण संपलं की लगेच डायनॅमिक मेमरीचं येतं. त्यामुळे दोन्ही एकच आहेत असा समज होतो, आणि मग पाच आकड्यांच्या बेरजेलाही मॅलॉक वापरलेला कोड जर्नलमध्ये दिसतो. खरं तर हे दोन वेगळे निर्णय आहेत. पॉइंटर म्हणजे पत्ता, एखादी गोष्ट मेमरीत कुठे आहे ते सांगणारा आकडा. मॅलॉक म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मागून घेतलेली जागा. या जागेला नाव नसतं, फक्त पत्ता मिळतो, म्हणून मॅलॉकला पॉइंटर लागतोच. पॉइंटरला मात्र मॅलॉक लागत नाही, आणि त्याचा रोजचा बहुतेक वापर मॅलॉकशिवायच होतो.

खालच्या कोडच्या ओळी फळ्यासमोर मोठ्याने वाचतात तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना कीवर्ड अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत.

पहिली पायरी: पॉइंटर हवा का?

सीमध्ये फंक्शनला व्हेरिएबल दिलं की त्याची प्रत जाते. अदलाबदल नावाच्या फंक्शनला अ आणि ब दिले, आत कितीही फिरवाफिरव केली, तरी बाहेरचे अ आणि ब जागचे हलत नाहीत. बाहेरचं बदलायचं असेल तर पत्ता द्यावा लागतो: &अ, &ब. स्कॅनएफला & लागतो तो याच कारणाने. तो विसरलात तर स्कॅनएफ वय या व्हेरिएबलमधला कचरा आकडाच पत्ता समजून तिथे लिहायला जातं आणि प्रोग्रॅम बहुधा कोसळतो. नाव साठवायच्या कॅरेक्टर ॲरेला & लावत नाहीत, कारण फंक्शनला देताना ॲरेचं नाव म्हणजेच पहिल्या घराचा पत्ता.

पण फंक्शनमधून एकच उत्तर बाहेर यायचं असेल तर सरळ रिटर्न करा. त्यासाठी पॉइंटर पाठवणं म्हणजे उगाच वळसा. दोन-तीन छोटी उत्तरं असतील तर छोटं स्ट्रक्चर रिटर्न केलेलंही चालतं.

स्ट्रक्चर मोठं असेल तर चित्र बदलतं. रोल नंबर ४ बाइट, नाव ६४ बाइट, सहा विषयांचे गुण २४ बाइट, म्हणजे एका विद्यार्थ्याचे ९२ बाइट झाले. फंक्शनला हे स्ट्रक्चर दिलं की दर वेळी ९२ बाइटची नक्कल होते. पॉइंटर दिला तर ६४-बिट मशिनवर ८ बाइट जातात. फक्त वाचायचं असेल तर पॉइंटरच्या आधी कॉन्स्ट लिहा. चुकून आत काही बदललंत तर कंपायलर तिथेच अडवतो.

ॲरेच्या बाबतीत एक सापळा आहे. मेनमध्ये ५० इंटचा ॲरे असेल तर साइझऑफ २०० सांगतो. तोच ॲरे फंक्शनला दिला आणि आत साइझऑफ घेतला, तर उत्तर ८ येतं, कारण आत पोचतो तो फक्त पॉइंटर. मग साइझऑफ भागिले साइझऑफ इंट केलं की २ येतात, लूप दोनदाच फिरतं आणि पहिल्या दोन आकड्यांची बेरीज छापून येते. प्रोग्रॅम पडत नाही, म्हणून चूक सापडायला वेळ लागतो. ॲरे देताना त्याची लांबी वेगळा पॅरामीटर म्हणून द्यायची सवय लावा.

एका गोष्टीने दुसरीकडे बोट दाखवायचं असेल, म्हणजे लिंक्ड लिस्ट, ट्री, ग्राफ, तर पॉइंटर हे सरळ साधन. फक्त लिंक्ड लिस्टची किंमत बघून ठेवा. एक इंट आणि पुढचा पॉइंटर असलेला नोड पॅडिंग (मधे सोडलेले रिकामे बाइट) धरून १६ बाइटचा होतो, आणि ६४-बिट लिनक्सवरचं जीलिबसी (तिथली सीची नेहमीची लायब्ररी) त्याच्यासाठी प्रत्यक्षात ३२ बाइटचा कप्पा काढतं. म्हणजे १ लाख आकडे ॲरेत ४ लाख बाइटमध्ये बसतात, लिस्टमध्ये ३२ लाख बाइट खातात, आणि वर नोड मेमरीभर विखुरतात. परीक्षेत लिंक्ड लिस्टला मान आहे. कामात मात्र मधेच घालणं आणि काढणं फार असेल तरच तिच्याकडे वळा.

दुसरी पायरी: मॅलॉक हवा का?

तीन प्रश्न विचारा. किती जागा लागणार हे कंपाइल करताना माहीत आहे का? ती जागा फंक्शन संपल्यावरही लागणार आहे का? ती स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलांच्या जागेत, मावते का?

संख्या माहीत असेल, किंवा वरची मर्यादा माहीत असून ती छोटी असेल, तर साधा ॲरे घ्या. बारा महिन्यांचा पाऊस, आठवड्याचे सात दिवस, तीन बाय तीनचं मॅट्रिक्स यांना मॅलॉक लागत नाही. "शंभरपेक्षा जास्त विद्यार्थी येणारच नाहीत" ही मात्र मर्यादा नव्हे, अंदाज आहे. अंदाजावर ॲरे बांधला असेल तर १०१वं नाव आल्यावर काय करायचं तेही त्याच वेळी लिहा.

दुसऱ्या प्रश्नातली नेहमीची चूक अशी: फंक्शनमध्ये लोकल ॲरे करायचा, त्यात उत्तर भरायचं आणि ॲरेचं नाव रिटर्न करायचं. फंक्शन संपताच ती स्टॅकवरची जागा पुढच्या फंक्शनला मोकळी होते. कधी उत्तर बरोबर छापलं जातं, आणि मध्ये एक प्रिंटएफ घातला की बिघडतं. जीसीसी हा कंपायलर अशा वेळी लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत करताय अशी वॉर्निंग देतो, ती वाचा. इथे दोन उपाय आहेत. एकतर बोलावणाऱ्याने आपला ॲरे आणि त्याची लांबी द्यावी आणि फंक्शनने त्यात भरावं, किंवा फंक्शनने मॅलॉक करून पत्ता परत द्यावा आणि बोलावणाऱ्याने तो फ्री करावा. आकार आधी कळण्यासारखा असेल तर पहिला उपाय बरा, कारण फ्री कोणी करायचं हा वाद उरत नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी आकडे लक्षात ठेवा. लिनक्सवर मुख्य थ्रेडला साधारणपणे ८ एमबी स्टॅक मिळतो, विंडोजवर १ एमबी. मेनमध्ये १००० बाय १००० चं इंट मॅट्रिक्स म्हणजे ४० लाख बाइट. लॅबमधल्या लिनक्सवर ते चालतं, घरच्या विंडोजवर तोच प्रोग्रॅम सुरू होताच पडतो आणि दोष कंपायलरवर जातो. २००० बाय २००० केलं की १ कोटी ६० लाख बाइट होतात, मग लिनक्सवरही सेगमेंटेशन फॉल्ट ठरलेला. तरीही मोठा ॲरे म्हणजे मॅलॉकच असं नाही. आकार पक्का असेल तर ॲरेच्या आधी स्टॅटिक लिहा, तो स्टॅकबाहेर जातो आणि फ्री करायची भानगड राहत नाही.

सी ९९ मधले व्हेरिएबल लेंग्थ ॲरे, म्हणजे एन वाचून मग एनचा ॲरे जाहीर करणं, हा मधला मार्ग वाटतो. पण ते स्टॅकवरच जातात, आणि एन मोठा आला तर एरर कळवायला मॅलॉकसारखा नल (जागा नाही हे सांगणारा रिकामा पत्ता) मिळत नाही, प्रोग्रॅम थेट पडतो. सी ११ पासून ते ऐच्छिक आहेत आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ते घेतच नाही. टाळलेलेच बरे.

तिसरी पायरी: एक खरी गरज, पूर्ण बांधून

फाइलमध्ये दर ओळीला एक मराठी नाव आहे. नावं किती ते माहीत नाही, लांबीही माहीत नाही. सगळी वाचून, क्रमाने लावून छापायची आहेत. इथे मॅलॉक लागतोच.

आधी नावाचे बाइट मोजून बघा. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. "ज्ञानेश्वर" हे कानाला चार अक्षरांचं नाव. आत मात्र ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट, आणि शेवटचा शून्य धरून ३१. "नावाला २० पुरे" असं म्हणून कॅरेक्टर ॲरे घेणारा प्रोग्रॅम पहिल्याच नावाला फुटतो.

१. एक स्ट्रक्चर करा, नाव यादी. त्यात तीन गोष्टी: नावे (कॅरेक्टर स्टार स्टार), संख्या आणि क्षमता (दोन्ही साइझ टी). सुरुवातीला नावे नल, बाकी दोन्ही शून्य. सुरुवातीचं मूल्य न दिलेला पॉइंटर हा नवशिक्यांच्या निम्म्या डोकेदुखीचं मूळ आहे.

२. ओळ वाचायला १०२४ बाइटचा साधा लोकल ॲरे आणि एफगेट्स. गेट्स वापरू नका. त्याला लांबी सांगताच येत नाही, आणि सी ११ मध्ये ते भाषेतूनच काढून टाकलं आहे. एफगेट्स ओळीच्या शेवटचं न्यूलाइन सोबत आणतं, आणि विंडोजवर केलेली फाइल लिनक्सवर वाचलीत तर त्याआधी एक कॅरेज रिटर्नही येतो. दोन्ही कापा, नाहीतर सारखी दिसणारी दोन नावं तुलनेत वेगळी ठरतात. फाइल नोटपॅडमध्ये "यूटीएफ-८ विथ बॉम" निवडून सेव्ह केली असेल तर पहिल्या नावाच्या आधी ३ अदृश्य बाइट असतात. पहिलंच नाव यादीत भलतीकडे गेलं तर आधी हेच तपासा.

३. संख्या क्षमतेइतकी झाली की जागा वाढवा. क्षमता शून्य असेल तर १६, नाहीतर दुप्पट. एकेक घर वाढवलं तर १०,००० नावांसाठी वाईटात वाईट सुमारे ५ कोटी पॉइंटरची हलवाहलव होते. १६ पासून दुप्पट करत गेलं तर १६,३६८.

ओळ अशी: नवे बरोबर रिअॅलॉक, कंसात यादीचे नावे, स्वल्पविराम, नवी क्षमता गुणिले साइझऑफ स्टार नवे. नवे नल आहे का ते बघा, नसेल तरच यादीत भरा. थेट नावे बरोबर रिअॅलॉक असं लिहिलं आणि जागा मिळाली नाही, तर नावेमध्ये नल येतो, जुना पत्ता पुसला जातो आणि जुनी सगळी जागा कायमची हातची जाते. पहिल्या वेळी नावे नल असतो. ते चालतं, रिअॅलॉकला नल दिला की ते मॅलॉकसारखं वागतं.

साइझऑफमध्ये स्टार नवे आहे, इंट किंवा कॅरेक्टर नाही, हे मुद्दाम. उद्या प्रकार बदलला तरी ओळ बरोबर राहते. स्टार विसरलात तर पॉइंटरचा आकार, ८ बाइट, मोजला जातो. इथे नावेची घरंच ८ बाइटची असल्याने चूक लपेल, पण ९२ बाइटच्या विद्यार्थ्यासाठी असं केलंत तर जागा ८ बाइटची आणि लिखाण ९२ बाइटचं. जुन्या नोट्समधलं "एन गुणिले २" तर अजिबात उतरवू नका. टर्बो सीमध्ये इंट २ बाइटचा होता, आजच्या संगणकांवर तो ४ चा आहे.

४. आता नावासाठी जागा. एसटीआरलेन शेवटचा शून्य मोजत नाही, म्हणून मॅलॉक, कंसात लांबी अधिक १. हा अधिक १ विसरला तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. ज्ञानेश्वरसाठी ३० मागितले तर जीलिबसी ६४-बिट मशिनवर वापरण्याजोगे ४० बाइट देतं. ३१वा बाइट त्यात मावतो, काहीच बिघडत नाही, आणि तुम्हाला कोड बरोबर वाटतो. मग "चोखामेळा" येतं. आठ चिन्हं, २४ बाइट. २४ मागितले की बरोबर २४ मिळतात, आणि शेवटचा शून्य पुढच्या कप्प्याच्या हिशेबाच्या बाइटवर पडतो. प्रोग्रॅम तिथे पडेलच असं नाही. पुढे कधीतरी, भलत्याच ओळीवरचा मॅलॉक किंवा फ्री कोसळतो आणि तुम्ही ती निर्दोष ओळ तासभर तपासत बसता.

५. मॅलॉकच्या उत्तराला प्रकाराचा कंस, म्हणजे कास्ट, लावायची सवय आपल्याकडे टर्बो सी++ मुळे रुजली आहे. तिथे फाइल सीपीपी म्हणून उघडते आणि सी++ ला कास्ट लागतोच. सीमध्ये तो लागत नाही. उलट जुन्या कंपायलरवर एसटीडीलिब हेडर जोडायचं राहिलं तर ती चूक कास्टमुळे झाकली जायची. कंपायलर मॅलॉकचं उत्तर इंट समजायचा आणि ८ बाइटचा पत्ता ४ बाइटमध्ये कापला जायचा. जीसीसी १४ पासून जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं ही थेट एरर आहे.

६. क्रम लावायला क्यूसॉर्ट. इथे पॉइंटरचा फायदा दिसतो. नावं जागची हलत नाहीत, ८ बाइटचे पत्तेच इकडचे तिकडे होतात. तुलना करणाऱ्या फंक्शनला मात्र नाव मिळत नाही, नावाच्या पॉइंटरचा पत्ता मिळतो, म्हणून आत एकदा जास्त स्टार लावावा लागतो. तो विसरला तर क्रम विचित्र येतो आणि वॉर्निंगही मिळत नाही. शिवाय नावांची तुलना करणारं एसटीआरसीएमपी बाइटच्या क्रमाने लावतं. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. मतदार यादीसारखा अचूक क्रम हवा असेल तर हे काम एसटीआरसीएमपीचं नाही.

७. शेवटी मोकळं करणं. आधी लूपमध्ये प्रत्येक नाव फ्री, मग नावे फ्री, मग नावे बरोबर नल, संख्या आणि क्षमता शून्य. क्रम उलटा केला तर फ्री झालेल्या ॲरेतून नावांचे पत्ते वाचले जातात. हे सगळं यादी मोकळी करणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये ठेवा. नल फ्री केलेला चालतो, तोच पत्ता दोनदा फ्री केलेला चालत नाही. म्हणूनच फ्रीनंतर नल लिहायचं. मात्र त्याच पत्त्याची दुसऱ्या व्हेरिएबलमधली प्रत तशीच राहते, तिच्याकडे लक्ष तुम्हीच द्यायचं.

आणखी एक गोष्ट रिअॅलॉकबद्दल. जागा वाढवताना पूर्ण ॲरे दुसरीकडे हलू शकतो. चौथ्या घराचा पत्ता (&नावे[३]) कुठे जपून ठेवला असेल तर तो रिअॅलॉकनंतर शिळा होतो. चौथ्या नावाचा पत्ता (नावे[३] मधलं मूल्य) मात्र टिकतो, कारण नावाची जागा वेगळी घेतली आहे. गोंधळ नको असेल तर पत्त्याऐवजी ३ हा क्रमांकच जपा.

चौथी पायरी: तपासणी

जीसीसी किंवा क्लँग असेल तर वॉल (-Wall) हा वॉर्निंगचा पर्याय, जी (-g) हा डीबगचा पर्याय आणि मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर, तिन्ही लावूनच कंपाइल करा. वरची चोखामेळाची चूक सॅनिटायझर तिथल्या तिथे "हीप बफर ओव्हरफ्लो" म्हणून ओळ क्रमांकासह पकडतो. त्याच्या हाताखाली ज्ञानेश्वरही सुटत नाही, कारण तो ३० म्हणजे ३० च धरतो. फ्री केल्यावर वापरलं तर "हीप यूज आफ्टर फ्री". मूल्य न भरलेली मेमरी वाचली तर मात्र तो गप्प राहतो.

ते पकडायला व्हॅलग्रिंड हे वेगळं साधन. प्रोग्रॅम वीस-तीस पट हळू चालतो, म्हणून छोटी फाइल द्या. सॅनिटायझर लावलेली प्रत व्हॅलग्रिंडखाली चालवू नका, दोघांचं जमत नाही. अहवालात "डेफिनिटली लॉस्ट" शून्य हवं. "इनडायरेक्टली लॉस्ट" मध्ये मोठा आकडा आणि "डेफिनिटली" मध्ये एकच ब्लॉक दिसला, तर समजा नावे हा ॲरे हरवला आणि त्याच्यासोबत सगळी नावं गेली. अशा वेळी एकच फ्री शोधायची नसते, मोकळं करणारं फंक्शनच कुठेतरी बोलवायचं राहिलेलं असतं.

विंडोजवर व्हॅलग्रिंड थेट चालत नाही. तिथे डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घ्या, किंवा व्हिज्युअल स्टुडिओमधला ॲड्रेस सॅनिटायझर वापरा.

मॅलॉक कुठे नको

आर्डुइनो उनो आर३ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर चालू डेटासाठी एकूण २०४८ बाइट रॅम असते. तिथे वेगवेगळ्या आकाराचे तुकडे घेत-सोडत राहिलं की काही तासांनी मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत उरते. १०० बाइट मोकळे असतात, पण सलग ४० मिळत नाहीत. सुरुवातीलाच पक्क्या आकाराचे ॲरे घ्या. पॉइंटर मात्र तिथेही लागतो, हार्डवेअरची रजिस्टरं ठरलेल्या पत्त्यांवरच असतात. मोटारीच्या सॉफ्टवेअरसाठीचे मिस्रा सी नियमही डायनॅमिक मेमरीला मनाई करतात.

मोठ्या संगणकावर उलटी फसवणूक होते. लिनक्स बऱ्याचदा रॅमपेक्षा जास्त जागाही कबूल करतं, मॅलॉक नल देत नाही, आणि प्रत्यक्ष लिहायला लागल्यावर कर्नल एखादी प्रक्रिया मारून टाकतो. नल तपासायचा तो तपासाच, पण फाइलमधून आलेल्या आकड्यावर थेट मॅलॉक करण्याआधी तो आकडा शक्य कोटीतला आहे का तेही बघा. विशेषतः दोन आकडे गुणून जागा मागत असाल तर कॅलॉक वापरा, त्याला दोन्ही आकडे वेगळे देतात आणि गुणाकार ते स्वतः करतं. आजची कॅलॉक गुणाकार मर्यादेबाहेर गेला तर नल देतात, तर मॅलॉकला मर्यादा ओलांडून लहान झालेलं उत्तरच पोचतं आणि तो तेवढी जागा निमूट देतो.

सी++ लिहीत असाल तर ही तिसरी पायरी जवळपास गळून पडते: व्हेक्टर आणि स्ट्रिंग हीच वाढ आणि हेच फ्री आत करतात. तिथे हाताने न्यू-डिलीट लिहायची वेळ क्वचित यावी.